मृगाची माती, आश्लेषाची माती : पंचगंगेच्या २०१९ च्या पुराचा अभ्यास

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरच्या कसबा बावड्याजवळ राजाराम बंधाऱ्यावरच्या पातळी मोजायच्या पट्टीवर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. इथं ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. म्हणजे नदी धोक्याच्या खुणेवर बारा फूट उभी होती. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. चिखली, आंबेवाडी रिकामी करावी लागली. जयंती नाल्यातून मागं फिरलेलं पाणी व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं. १९८९ आणि २००५ चे पूर पाहिलेली माणसंही म्हणत होती, की एवढं पाणी कधी पाहिलं नाही.

त्यानंतर वर्षभर जिल्ह्यात एकच चर्चा चालली, धरणांची. पाणी कधी सोडलं, किती सोडलं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्याची मागं फुग आली की नाही. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, मे २०२० मध्ये तिचा अहवाल आला आणि चर्चा पुन्हा धरणांवरच येऊन थांबली. ती चर्चा गरजेची आहे, तिच्यावर माझा आक्षेप नाही. पण मला त्या दिवसांपासून दुसऱ्याच एका साठ्यानं पछाडलं आहे. तो साठा पेपरात छापून येत नाही. त्याला दरवाजे नाहीत, त्याची टक्केवारी कुणी सांगत नाही आणि पंचगंगेच्या खोऱ्यात तो सगळ्या धरणांच्या बरोबरीचा आहे. तो साठा म्हणजे आपल्या पायाखालची माती आणि तिच्याखालचा खडक.

हे लिखाण त्या साठ्याबद्दल आहे. २०१९ च्या जूनमध्ये तो किती रिकामा होता, ऑगस्टमध्ये किती भरला होता आणि त्यामुळं त्याच ढगातलं तेवढंच पाणी नदीत वेगळ्या मापानं कसं उतरलं, हे समजून घ्यायचा प्रयत्न.

खोरं

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात. लोकश्रद्धेतली गुप्त सरस्वती धरली की पाच होतात आणि पंचगंगा तयार होते. पुढं ती कोल्हापूरला वळसा घालून नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. खोरं साधारण २,६०० चौरस किलोमीटरचं. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पूर्वेला शिरोळात जेमतेम पाचशे. दोन्हींमधलं अंतर शंभर किलोमीटरच्या घरात. एवढ्याशा टप्प्यात पाऊस दहा पटींनी उतरतो, आणि पाऊस उतरतो तशी मातीही बदलते. घाटमाथ्याला जांभा आणि तांबडी माती, मधल्या पट्ट्यात मुरमाड उतार आणि भाताची खाचरं, पूर्वेला उसाची खोल काळी.

खोऱ्यातली मुख्य धरणं चार. भोगावतीवर राधानगरी ८.३६ टीएमसी, तुळशी ३.४७, कासारी २.७७, कुंभी २.७१. बेरीज सव्वासतरा टीएमसीच्या जवळ. आता हे पाणी अख्ख्या खोऱ्यावर सारखं पसरलं असं समजा. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. गणित केलं की जमिनीवर १९० मिलिमीटरचा थर येतो. चारही धरणं तळापर्यंत रिकामी असली तरी त्यांची ताकद एवढीच, आणि तीही फक्त धरणाच्या वरच्या रानात पडलेल्या पावसापुरती.

मातीचं काय? एक मीटर खोल चिकणमाती उन्हाळ्यात पिकांची मुळं ओढू शकतील तेवढी ओढून कोरडी पडली, की ती पुन्हा वाफशाला, म्हणजे जादा पाणी निथळून मुळांपुरती ओल उरते त्या अवस्थेला, यायला १५० ते २०० मिलिमीटर पाणी पिऊ शकते. वाफशाच्या पलीकडं पोकळ्या गच्च भरेपर्यंत आणखी काही. उथळ मुरमाड जमीन अर्थातच कमी पिते. तरी खोऱ्याचा हिशेब धरला तर माती आणि धरणं एका मापाची निघतात. आणि मातीचं धरण प्रत्येक बांधावर आहे, प्रत्येक ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे.

२०१९ चं पर्जन्यमान, नक्षत्रांच्या भाषेत

त्या वर्षी मोसमी पाऊस केरळातच ८ जूनला आला. अरबी समुद्रातल्या ‘वायू’ चक्रीवादळानं वारं ओढून घेतलं आणि महाराष्ट्राच्या दक्षिण कोकणात पाऊस पोचायला २० जून उजाडला. देशभरात जूनची तूट ३३ टक्के होती. म्हणजे मृग नक्षत्र जवळजवळ कोरडं गेलं. पेरण्या खोळंबल्या, विहिरींचे तळ दिसत होते, काळ्या रानातल्या भेगांत हात कोपरापर्यंत जात होता.

आर्द्रात पाऊस लागला. जुलैमध्ये तरणा, म्हणजे पुनर्वसूचा पाऊस चांगला झाला. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून म्हाताऱ्या पावसानं, म्हणजे पुष्यानं, जो जोर धरला तो आश्लेषा लागल्यावरही सुटला नाही. राजाराम बंधाऱ्यावरचा कळस ७-८ ऑगस्टचा, म्हणजे आश्लेषातला.

नक्षत्रांचा उल्लेख मी हौसेनं करत नाही. आपल्या भागातला शेतकरी पाऊस नक्षत्रावर मोजतो, कारण त्याला ठाऊक असतं की मृगाचा इंचभर पाऊस आणि आश्लेषाचा इंचभर पाऊस हे रानासाठी दोन वेगळे पाऊस आहेत. मृगात ओढा वाहत नाही. आश्लेषात तेवढ्याच सरीला ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी जातं. जलशास्त्र ‘पूर्वओलावा’ म्हणून जी गोष्ट शिकवतं, ती इथं पंचांगातून शिकली जाते.

स्ट्रेंजचं कोष्टक

हा फरक आकड्यांत मांडण्याचं काम या भागातच झालं आहे, आणि तेही सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी. डब्ल्यू. एल. स्ट्रेंज या अभियंत्यानं आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या पाणलोटांचा अभ्यास करून १८९२ साली कोष्टकं तयार केली. तलाव बांधायचा तर किती पाणी मिळेल, हा त्याचा व्यवहारी प्रश्न होता. त्यानं पावसाच्या मापासोबत आणखी एक रकाना ठेवला : पाऊस पडायच्या आधी जमीन कशी होती? कोरडी, ओलसर की ओली?

त्यातले काही आकडे असे. दिवसात २५ मिमी पाऊस पडला तर कोरड्या जमिनीवरून त्यातला ३ टक्के वाहतो, ओलसर जमिनीवरून ११, ओल्या जमिनीवरून १८. पाऊस ५० मिमी असेल तर १०, २२ आणि ३४ टक्के. पाऊस १०० मिमी असेल तर ३०, ५० आणि ७०.

शंभर मिलिमीटरची ओळ पंचगंगेला लावून पाहू. खोऱ्यावर सगळीकडं सारखा पाऊस कधीच पडत नाही, आणि स्ट्रेंजची कोष्टकं लहान पाणलोटांसाठी होती, तेव्हा हे गणित ढोबळच आहे. कोरड्या जमिनीवरून ३० मिमी म्हणजे पावणेतीन टीएमसी पाणी नदीकडं निघेल. ओल्या जमिनीवरून ७० मिमी, म्हणजे सुमारे ६.४ टीएमसी. फरक ३.७ टीएमसीच्या जवळ. अख्खं तुळशी धरण ३.४७ टीएमसीचं आहे! तोच पाऊस, तेच खोरं, तीच धरणं. फक्त जमीन आधी ओली होती म्हणून एका दिवसात तुळशी धरणाहून जास्त पाणी नदीला अधिकचं मिळालं. क्युसेकमध्ये सांगायचं तर दिवसभराची सरासरी ४२ हजारांच्या पुढं. हा ‘विसर्ग’ कुठल्याच दरवाज्यातून सुटत नाही, त्यामुळं तो कुठल्याच बुलेटिनमध्ये नसतो.

याच्याही आधी नागपूरला अलेक्झांडर बिनी यानं १८६९ आणि १८७२ या दोन वर्षांत सोळा चौरस किलोमीटरच्या एका पाणलोटात पाऊस आणि वाहिलेलं पाणी मोजून दोन्हींच्या बेरजेचे आलेख काढले होते. त्याच्या टक्केवारीत वर्षाला ५०० मिमी पाऊस झाला तर १५ टक्के वाहतो, आणि १,००० मिमी झाला तर ३८ टक्के. पाऊस दुप्पट, वाहणारं पाणी पाचपट. कारण तेच : आधीच्या पाचशे मिलिमीटरनं जमिनीची तहान भागवलेली असते.

आज देशभर वापरली जाणारी वक्रांक पद्धत मुळात अमेरिकेच्या मृदासंधारण खात्याची आहे. तिच्यात पाणलोटाला शंभरपर्यंतचा एक आकडा, म्हणजे वक्रांक, देतात; तो जितका मोठा तितकं जास्त पाणी वाहतं. तिच्यात पिकांच्या हंगामात आधीच्या पाच दिवसांचा पाऊस ३६ मिमीच्या आत असेल तर जमीन कोरडी धरतात आणि ५३ च्या वर गेला तर ओली. गगनबावड्याला जुलैअखेर ५३ मिमी व्हायला कधी कधी एक सकाळ पुरते. त्या पद्धतीत एखाद्या पाणलोटाचा वक्रांक मध्यम ओलाव्याला ७५ धरला, तर कोरड्यात तो ५७ होतो, ओल्यात ८८. त्यावरून निघणारी जमिनीतली कमाल मोकळी जागा कोरड्यात १९० मिमीच्या आसपास, ओल्यात ३५. शंभर मिमी पावसातून वाहणारं पाणी कोरड्यात १५ मिमी, ओल्यात ६८. स्ट्रेंजच्या ओल्या जमिनीचा आकडा ७० होता. दोन वेगळ्या खंडांत, वेगळ्या काळात, वेगळ्या वाटांनी काढलेले आकडे इतके जवळ येतात, तेव्हा त्यांच्यावर विश्वास बसतो.

पश्चिमेचं रान कसं भरत गेलं

पाणी जमिनीवरून दोन कारणांनी वाहतं, आणि या पुराचं मर्म त्या दोन कारणांतल्या फरकात आहे. पहिलं कारण घाईचं. पाऊस इतक्या जोरात येतो की मातीला तो तेवढ्या वेगानं पिता येत नाही. वळवाच्या सरीत तापल्या रानावरून गढूळ लोट जातो तो असा. खाली माती कोरडीच असते, खुरप्यानं उकरलं तर धूळ निघते. दुसरं कारण जागेचं. पोकळ्या भरल्या, आता संथ रिमझिम पाऊस असला तरी थेंबाला आत जागा नाही. त्याला वाहावंच लागतं.

जूनमधलं वाहणं पहिल्या प्रकारचं असतं. ऑगस्टमधलं दुसऱ्या. आणि दुसऱ्या प्रकारात पावसाचा जोर कमी झाला म्हणून नदी लगेच उतरत नाही.

पश्चिमेकडं हे कसं घडतं ते पाहण्यासारखं आहे. जांभ्याची तांबडी माती पाणी झपाट्यानं पिते, पण ती खोल नसते. खाली बेसॉल्टचा कातळ. वरून मुरलेलं पाणी कातळावर अडतं आणि उताराच्या दिशेनं मातीतल्या मातीत सरकू लागतं. जुलैच्या मध्यापासून बांधांच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेच्या कापणीत, घराच्या मागच्या भिंतीला उमाळे फुटतात. ज्या दिवशी उमाळे फुटले त्या दिवशी समजावं की डोंगर भरला. त्यानंतरचा पाऊस डोंगर ठेवून घेत नाही, पुढं पाठवतो.

भाताची खाचरं हा दुसरा टप्पा. रोपलागणीआधी चिखलणी करतात ती पाणी मुरू नये म्हणूनच. माती घोटून घोटून तळाला घट्ट थर बसवायचा. लागण होईपर्यंत खाचरं बांधाच्या उंचीएवढं पाणी धरतात, तेवढा पुराला अडसर होतो. पण २०१९ मध्ये पाऊस उशिरा आल्यानं लागणी जुलैत लोटल्या, आणि महिना संपता संपता राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, पन्हाळ्याकडची बरीचशी खाचरं चिखलून, लावून, काठोकाठ भरलेली होती. भरलेलं खाचर म्हणजे वरून आलेला प्रत्येक थेंब खालच्या खाचरात ढकलणारी पायरी. शेतकऱ्यानं यात काही चूक केली असं कुणी म्हणू नये, भात असाच पिकतो. पण पुराचा हिशेब मांडताना हजारो एकर जमीन या आठवड्यात पाणी पिणं थांबवते, हे लक्षात घ्यायला हवं.

तिसरा टप्पा विहिरींचा. आमच्या विहिरीत मे महिन्यात पाण्यापर्यंत पोचायला शेवटच्या पायरीच्याही खाली दगडात पाय रोवून उतरावं लागतं. त्या ऑगस्टमध्ये काठावर ओणवं होऊन कळशी भरता येत होती. लहानपणापासून मला हे श्रीमंतीचं चिन्ह वाटत आलं आहे. यंदा विहीर काठाला आली म्हणजे वर्ष चांगलं. त्या पावसात पहिल्यांदा मनात आलं, की विहीर काठाला आली याचा दुसरा अर्थ असाही आहे : आता खाली जागा संपली.

बेसॉल्टमध्ये ही जागा मुळातच थोडी असते. वाळूच्या गाळाच्या प्रदेशासारख्या इथं पोकळ्या नाहीत. पाणी भेगांत आणि झिजलेल्या मुरमात राहतं. खडकाची पाणी देण्याघेण्याची क्षमता त्याच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के. दोन टक्के धरले तर भूजलाची पातळी पाच मीटर वर यायला खरं पाणी लागतं फक्त १०० मिमी. गगनबावड्याकडं एवढा पाऊस एखाद्या दिवसात पडून जातो. सगळाच खाली उतरत नाही हे खरं, पण आर्द्रा आणि तरण्याच्या पावसात दख्खनी विहिरी भराभर वर येतात त्याचं कारण हे आहे. आणि तितक्याच लवकर त्यांची पुढची भूक संपते.

पातळी वर आली की दोन गोष्टी होतात. ओढ्याकाठच्या सखल जमिनीत भूजल पृष्ठभागाला टेकतं, आणि तिथं पडणारा पाऊस जणू पत्र्यावर पडल्यासारखा सरळ ओढ्यात जातो. ही टेकलेली जमीन एका जागी राहत नाही. पाऊस लागून राहिला की ती ओढ्याच्या दोन्ही बाजूंनी पसरत जाते, आधी पाणंद, मग कडेचं रान, मग अर्धा उतार. दुसरी गोष्ट, भूजल उलट्या वाटेनं नदीला मिळू लागतं. दोन पावसांच्या मधल्या उघडिपीत नदी पात्रात परत जायला हवी, ती जात नाही. पुढचा पाऊस येतो तेव्हा पट्टीवरचा आकडा आधीच चढलेला असतो. जुलैअखेरच्या पावसानं पंचगंगा पात्राबाहेर होतीच. आश्लेषाचं पाणी त्या चढलेल्या नदीवर आलं.

पूर्वेचं रान

शिरोळ, हातकणंगल्याची गोष्ट वेगळी आहे. तिथं पाऊस कमी, म्हणून माती जूनमध्ये कोरडी असणार असा समज होतो. पण हा पट्टा बारमाही उसाचा. उसाला उन्हाळाभर पाणी चालू असतं. अनेक ठिकाणी गरजेपेक्षा जास्त. नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीचा निचरा मंद, त्यामुळं भूजल वर आलेलं आणि जमिनी क्षारपड, पाणथळ झालेल्या. ज्या रानात फुट-दोन फुटांवर पाणी लागतं, त्या रानात मृगालाही जागा शिल्लक नसते.

काळ्या मातीचा स्वभावही इथं महत्त्वाचा. उन्हाळ्यात ती आकसते आणि भेगाळते. पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली जातो, अगदी जोराचा असला तरी. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि ओलावलेली काळी जमीन तासाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरही धड पीत नाही. म्हणजे एकाच जमिनीची दोन रूपं, आणि मधे फक्त दोन-तीन आठवड्यांचा पाऊस. जी जमीन ओलितामुळं उन्हाळ्यात भेगाळतच नाही, ती पहिल्या रूपाला मुकते.

मात्र पूर्वेच्या पुरात मातीचा वाटा फुगवून सांगणं चुकीचं ठरेल. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेत मिळते, आणि कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेला पुढं सरकता येत नाही, ती मागं पसरते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा त्या वेळी ५७ फुटांपर्यंत गेली होती. तिथली धोक्याची खूण ४५. शिरोळच्या गावांतलं पाणी प्रामुख्यानं या दोन नद्यांच्या तुंबीचं होतं. सपाट रान, महामार्ग आणि पुलांचे भराव, पूररेषेतली बांधकामं, यांचाही हिशेब त्यात आहे.

माती कोरडी असती तर?

हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला, आणि उत्तरानं माझा सुरुवातीचा उत्साह थोडा आवरला. वरच्या वक्रांकाच्या गणितात १०० मिमीच्या जागी ६०० मिमी घालून पाहा, म्हणजे नऊ-दहा दिवसांच्या संततधारेचा अंदाज येईल. ही पद्धत एकेका पावसासाठी आहे, इतकी ताणायची नसते, तरी दिशा कळते. कोरड्या जमिनीवरून सुमारे ४२० मिमी वाहतं, ओल्यावरून ५६०. म्हणजे शंभर मिमीच्या पावसात साडेचार पट असलेला फरक सहाशेच्या पावसात सव्वा-दीड पटीवर येतो. कोरडी माती पहिले दोन दिवस ढाल धरते. तिसऱ्या दिवशी तीही ओली झालेली असते.

२०१९ चा पाऊस असामान्य होता. माती पूर्ण कोरडी असती तरी पूर आला असता. तो एक-दोन दिवस उशिरा आला असता आणि काही फूट खाली राहिला असता असं मला वाटतं. पण पूरकाळात एक-दोन दिवस म्हणजे जनावरं सोडवायला, म्हातारी माणसं हलवायला, धरणातून आधी पाणी काढायला मिळालेला वेळ. आणि राजाराम बंधाऱ्यावरचे वरचे दोन फूट शुक्रवार पेठेतल्या, शाहूपुरीतल्या किती घरांत पाणी शिरणार ते ठरवतात. सपाट पूरक्षेत्रात प्रत्येक पुढचा फूट आधीच्या फुटापेक्षा जास्त लांब पसरतो.

मातीचा खरा उपयोग मध्यम पावसाच्या वर्षी दिसतो. दीड-दोनशे मिलिमीटरचा दोन दिवसांचा पाऊस जून अखेरीला आला तर बंधारे पाण्याखाली जाऊन चार दिवसांत मोकळे होतात. तोच पाऊस भरल्या रानावर ऑगस्टमध्ये आला तर इशारा पातळी गाठतो. हा फरक धरणांच्या टक्केवारीतून कळत नाही. आणि म्हणूनच ‘परवा एवढाच पाऊस झाला होता, तेव्हा काही झालं नाही’ हे वाक्य नदीकाठच्या गावात धोक्याचं आहे. २०१९ मध्ये घरातच थांबलेल्या अनेकांनी २००५ च्या पाण्याची खूण डोळ्यांपुढं ठेवली होती. ती खूण २००५ च्या पावसाची आणि २००५ च्या ओलाव्याची होती.

मोजायचं कसं

उपग्रह मोजतात. अमेरिकेचा ‘स्मॅप’ उपग्रह २०१५ पासून मातीचा ओलावा टिपतो, पण फक्त वरच्या पाच सेंटिमीटरांचा, आणि त्याची मूळ जाळी कित्येक किलोमीटर लांबरुंद चौकोनांची. ऑगस्टमध्ये वरचे पाच सेंटिमीटर सगळीकडंच ओले असतात. प्रश्न खालच्या मीटरभराचा असतो. भारतीय हवामान विभागानं ऑक्टोबर २०२० मध्ये दक्षिण आशियासाठी अचानक येणाऱ्या पुरांची मार्गदर्शन प्रणाली सुरू केली. तिच्यात मातीतली शिल्लक जागा धरूनच अजून किती पाऊस सोसेल याचा अंदाज काढतात. ही फार चांगली गोष्ट घडली. पण ती गावच्या फळ्यापर्यंत पोचलेली मला दिसत नाही.

भूजलाच्या बाबतीत राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी परंपरेनं वर्षातून चारदा घेते : जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपल्यावर. टंचाईच्या नियोजनाला हे वेळापत्रक योग्य आहे. पुरासाठी मात्र जी पातळी हवी ती जुलैची, आणि त्या महिन्याची नोंद या वेळापत्रकात नाही.

तोवर हाताशी काय आहे? रोजचा पाऊस आहे. महसूल मंडळनिहाय आकडे रोज मिळतात. त्यावरून ओलाव्याचा निर्देशांक वहीतही काढता येतो. कालच्या आकड्याचे नऊ दशांश घ्यायचे आणि त्यात आजचा पाऊस मिळवायचा, बस. समजा रोज ५० मिमी असा पाच दिवस पाऊस झाला. निर्देशांक ५०, ९५, १३५, १७२, २०५ असा चढतो. मग सात दिवस कडक उघडीप मिळाली तर तो ९८ वर येतो, निम्म्याच्या आत, पण शून्यावर नाही. आठवडाभर ऊन पडलं म्हणजे रान मोकळं झालं असं नसतं, हे या साध्या गणितात उघड दिसतं. नऊ दशांश हा आकडा सगळीकडं सारखा नाही. निचऱ्याच्या तांबड्या मातीत तो कमी धरावा लागेल, काळ्या मातीत जास्त. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी राजाराम बंधाऱ्याच्या पातळीशी ताडून पाहिल्या की आपल्या गावाचा आकडा आपल्याला बसवता येईल.

आणि विहिरी आहेत. पश्चिमेच्या प्रत्येक तालुक्यात उपसा नसलेली एखादी जुनी विहीर निवडावी, तिच्या भिंतीवर ऑइलपेंटनं फुटांच्या खुणा कराव्यात, आणि १ जूनपासून रोज सकाळी काठापासून पाणी किती खाली ते वाचावं. शाळेतली मुलंही हे करू शकतात. एका पावसाळ्यात कळेल की आपली विहीर कोणत्या नक्षत्रात काठाला येते आणि ती आल्यावर ओढा कसा वागतो.

जिल्ह्याच्या रोजच्या पूरपत्रकात आज चार गोष्टी असतात : धरणांचा साठा, विसर्ग, पाण्याखालचे बंधारे आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी. पाचवा रकाना एवढाच हवा, की गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी आणि पन्हाळ्याच्या रानात अजून किती मिलिमीटर पाणी मावेल. २०१९ च्या जुलैअखेर त्या रकान्यात अगदी लहान आकडा आला असता. तो वाचून चिखली-आंबेवाडीतल्या गोठ्यांतली जनावरं दोन दिवस आधी दोरीतून सुटली असती.